मापाची गिटार

1948 साली कॅलिफोर्नियातल्या डाउनी गावी पॉल बिग्सबी या कारागिराने मर्ल ट्रॅव्हिस या वादकासाठी एक गिटार घडवली. बिग्सबी पॅटर्नमेकर होता. ओतकामासाठी लाकडाचे नमुने करण्यात त्याचा हात बसलेला होता आणि मोटारसायकलच्या कारखान्यातही त्याने काम केलं होतं. ट्रॅव्हिसची अडचण साधी होती. पोकळ गिटारची तार छेडली की स्वर उमटतो आणि लगेच विरायला लागतो. त्याला मांडीवर ठेवून वाजवायच्या स्टील गिटारसारखा लांब टिकणारा स्वर हवा होता, पण वाद्य नेहमीच्या गिटारसारखं गळ्यात अडकवून वाजवता यायला हवं होतं. शिवाय सहाही खुंट्या एकाच बाजूला हव्या होत्या, म्हणजे सूर लावताना हात पलीकडे न्यायला नको. त्याने कागदावर चित्र काढून दिलं, बिग्सबीने त्यावरून वाद्य उभं केलं. ती गिटार आज नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये आहे.

दोनच वर्षांनी त्याच परिसरातल्या फुलर्टन गावातून लिओ फेंडरने भरीव अंगाची गिटार कारखान्यातून बाजारात आणली. फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला गिटार वाजवता येत नव्हती, पण वाजवणारे दुकानात येऊन काय बोलतात ते तो कान देऊन ऐकायचा. नेक चिकटवण्याऐवजी त्याने ती चार स्क्रूंनी अंगाला जोडली, म्हणजे बिघडली तर काढून दुसरी बसवता येईल. ती गिटार पुढे टेलिकास्टर म्हणून जगभर गेली. त्याआधी, 1940 च्या सुमारास, गिटारवादक लेस पॉलने न्यूयॉर्कमध्ये एपिफोन या गिटार कंपनीच्या कारखान्यात सुटीच्या दिवशी बसून पाइनच्या चौकोनी ओंडक्यावर तारा चढवून पाहिल्या होत्या. त्याही आधी, 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला, जॉर्ज बोशां आणि अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर यांची अ‍ॅल्युमिनियमची ‘फ्राइंग पॅन’ नावाची इलेक्ट्रिक गिटार आली होती. हा सगळा इतिहास पहिल्या प्रकरणात सविस्तर आहे, म्हणून इथे लांबवत नाही. त्यातली एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी. इलेक्ट्रिक गिटार छोट्या जागेत, एका वादकाची गरज आणि एका कारागिराचे हात समोरासमोर आले तेव्हा घडली. कारखाने नंतर आले.

हे पुस्तक त्या मूळ पद्धतीबद्दल आहे. एकट्याने किंवा दोघा-तिघांनी चालवलेल्या वर्कशॉपमध्ये, ठरावीक वादकासाठी, मापाची गिटार कशी घडवायची हे त्यात सांगितलं आहे. सुतारकामाची आवड असलेल्या, हातात कानस धरता येणाऱ्या आणि सोल्डरिंगची भीती न वाटणाऱ्या कुणालाही ते वाचून काम सुरू करता यावं, अशी माझी इच्छा आहे. मराठीत असं पुस्तक असावं ही माझी फार दिवसांची आस होती. आपल्याकडे उत्तम सुतार आहेत, उत्तम वादक आहेत. पण या दोघांची गाठ पडत नाही आणि मग गिटार दुरुस्तीला टाकायची तर कुठे, असा प्रश्न चांगल्या चांगल्या वादकांना पडतो.

वर्कशॉपमध्ये येणारा जवळपास प्रत्येक जण पहिला प्रश्न लाकडाचा विचारतो. महोगनी घ्यावं की अ‍ॅल्डर, मेपलचा आवाज उजळ असतो का, अ‍ॅश आता मिळतं का. हे प्रश्न चुकीचे नाहीत, पण त्यांची वेळ नंतरची. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची तार. वर पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं, गुंडाळीत वीज निर्माण होते आणि ती अ‍ॅम्प्लिफायरकडे जाते. म्हणजे पिकअपला मुख्यतः तारेची हालचाल कळते. अंगाचं लाकूड त्या हालचालीवर थोडाफार परिणाम करतं, पण त्याच्या नावाने जितकी चर्चा होते त्या मानाने तो परिणाम फार लहान आहे, हे माझं स्पष्ट मत आहे. गिटार वादकाच्या हातात रमते की नाही ते ठरतं नेकवर. म्हणून या पुस्तकात नेकला सर्वांत जास्त पानं दिली आहेत आणि अंगाचं प्रकरण त्यानंतर येतं.

नेकचं माप घेणं हे कस्टम कामाचं खरं मर्म. नटजवळ, म्हणजे नेकच्या टोकाला तारा ज्या पट्टीवर टेकतात तिथे, रुंदी 42 मिलिमीटर असावी की 43, हा प्रश्न ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण एका मिलिमीटरने तारांमधलं अंतर बदलतं, आणि जाड बोटांच्या माणसाला बंद कॉर्डमध्ये शेजारची तार मुकी होण्याचा त्रास होतो की नाही, ते तिथे ठरतं. पहिल्या फ्रेटजवळची जाडी 20 मिलिमीटरही ठेवता येते आणि 23 सुद्धा. अंगठा नेकवरून वर आणून वाजवणाऱ्याला भरलेली पाठ बरी पडते, तर अंगठा मागेच ठेवून वेगाने वाजवणाऱ्याला पातळ. फिंगरबोर्डचा वरचा बाकही असाच. फेंडरच्या जुन्या गिटारांवर त्याची त्रिज्या सव्वासात इंच असते. कॉर्ड धरायला ती फार सुखाची, पण तारा खाली ठेवून वरच्या फ्रेटांवर तार खेचली की स्वर अडकून मरतो. बारा इंचांच्या चापट बाकावर ते होत नाही. आपल्याकडचे कित्येक वादक मींड घेतात, दोन-दोन अडीच-अडीच स्वरांपर्यंत तार ओढतात. त्यांना चापट बाक आणि उंच फ्रेट द्यावे, असं मी सुचवतो. जॉन मॅक्लॉफ्लिन 1970 च्या दशकात झाकीर हुसेन आणि एल. शंकर यांच्याबरोबर ‘शक्ती’ या गटात वाजवत होता, तेव्हाची त्याची गिटार या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. ती इलेक्ट्रिक नव्हती, अकूस्टिक होती. पण फ्रेटांमधलं लाकूड खोलगट कोरलेलं आणि खाली आडव्या तरफेच्या तारा, ही रचना मुद्दाम त्याच्या वादनासाठी केलेली होती. वादकाला दुसऱ्या संगीताची ओढ लागली आणि वाद्याने तिच्यामागे आपलं रूप बदललं.

फ्रेटांच्या जागांचं गणित शाळेतल्या भागाकारापलीकडे जात नाही. नटपासून घोडीपर्यंत तारेची लांबी 648 मिलिमीटर धरली, तर तिला 17.817 ने भागायचं. उत्तर 36.37. नटपासून तितक्या अंतरावर पहिला फ्रेट. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागायचं, की दुसरा फ्रेट पहिल्यापासून किती दूर ते कळतं. असं करत गेलं की बारावा फ्रेट बरोबर 324 वर, म्हणजे तारेच्या मध्यावर येतो. गॅलिलिओचे वडील विन्चेंझो गॅलिली हे वीणेसारख्या ल्यूट वाद्याचे जाणकार. त्यांनी सोळाव्या शतकात यासाठी 18 हा सोपा भाजक सांगितला आणि कारागिरांनी तो पिढ्यान्‌पिढ्या वापरला. त्या हिशेबाने आपला बारावा फ्रेट सव्वादोन मिलिमीटरांहून जास्त अलीकडे पडतो आणि सप्तक थोडं उतरतं. जुन्या वाद्यांत ते काहीसं निभावून जायचं, कारण तार दाबली की ताणली जाते आणि स्वर किंचित चढतो. आजच्या गिटारमध्ये हा चढ घोडीवर सावरला जातो. प्रत्येक तारेची बैठक स्वतंत्रपणे मागे-पुढे सरकते आणि जाड तारांच्या बैठका जास्त मागे जातात.

मिरजेच्या सतारकारांशी बोलताना फ्रेटांच्या या अचूकपणाचं मोल जास्त कळतं. सतारीचे पडदे दांडीला दोऱ्याने बांधलेले असतात. राग बदलला, एखादा स्वर कोमल हवा असला, की वादक स्वतः पडदा सरकवून घेतो. म्हणजे सुराची शेवटची जबाबदारी वादकाच्या हाती राहते. गिटारचे फ्रेट फिंगरबोर्डात करवतीने पाडलेल्या, अर्ध्या मिलिमीटरहून जेमतेम रुंद खाचेत कायमचे ठोकलेले असतात. तिथे ही जबाबदारी कारागिराने एकदाच घ्यायची असते. खाच चुकली तर पुढे कितीही महागडा पिकअप बसवा, गिटार सुरात लागत नाही. आपल्या सुतारांचं माप सूताचं, इंचात आठ सूत. दारं-खिडक्यांना अर्धा सूत इकडे-तिकडे चालून जातो. इथे एक दशांश मिलिमीटर जपावा लागतो. म्हणून चांगल्या सुतारालाही या कामात पहिल्यांदा वर्निअर कॅलिपर हातात घ्यावा लागतो, आणि एकदा त्याची सवय झाली की त्याचं बाकीचं सुतारकामही सुधारतं, हे मी पाहिलं आहे.

फ्रेट ठोकून झाले म्हणजे काम संपलं असं वाटतं, पण खरं नाजूक काम तिथून पुढे. प्रत्येक फ्रेटच्या माथ्यावर काळ्या मार्करने रेघ ओढायची. मग सपाट घासलेल्या लोखंडी पट्टीला बारीक पॉलिश पेपर चिकटवून ती नेकच्या लांबीच्या दिशेने, स्वतःच्या वजनाने, दाब न देता फिरवायची. दोन-चार फेऱ्यांनंतर काही फ्रेटांवरची शाई जाते, काहींवर तशीच राहते. राहिलेले फ्रेट खाली आहेत. सगळ्यांवरची शाई सारखी उतरेपर्यंत थांबायचं नाही, आणि उतरल्यावर एक फेरीही जास्त मारायची नाही. आता माथे चापट झालेले असतात. चापट माथ्यावर तार नेमकी कुठे टेकते ते ठरत नाही आणि स्वर भिरभिरतो. म्हणून पन्हाळी कानशीने प्रत्येक माथा पुन्हा गोल करायचा, मधोमध शाईची केसाएवढी रेघ शिल्लक राहील इतपतच. शेवटी एकेका बाजूची टोकं. डोळे मिटून हात नेकच्या कडेवरून वर-खाली फिरवायचा. जिथे काही टोचेल तिथे छोटी कानस. हे काम घाईत होत नाही. हजारांमधल्या ज्या एखाद्या गिटारबद्दल “हातातून सोडवत नाही” असं लोक म्हणतात, तिच्यात बहुतेक वेळा याच टप्प्यावर कुणीतरी जीव ओतलेला असतो.

महाराष्ट्रात काम करणाऱ्याला आणखी एक गोष्ट परदेशी पुस्तकं सांगत नाहीत. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा कोरडीठाक असते आणि जुलै-ऑगस्टमध्ये भिंतींना पाणी सुटतं. लाकूड या दोन्ही ऋतूंत हलतं. उन्हाळ्यात फिंगरबोर्ड रुंदीत आकसतो, पण त्यातले जर्मन सिल्व्हरचे फ्रेट आकसत नाहीत, आणि मग त्यांची टोकं कडेबाहेर येऊन बोटांना बोचतात. पावसाळ्यात नेक मागे वळते आणि तारा फ्रेटांवर खडखडतात. सहा तारांचा एकूण ताण पंचेचाळीस किलोंच्या आसपास असतो. तो सतत नेकला पुढे वाकवत राहतो. या ताणाला तोल देण्यासाठी नेकच्या आत पोलादी ट्रस रॉड असतो. गिब्सन कंपनीच्या थॅडियस मॅकह्यू यांना 1923 साली त्याचं पेटंट मिळालं. फेंडरच्या सुरुवातीच्या काही गिटारांत तो नव्हता, कडक मेपलला गरज नाही असं मानलं गेलं होतं, पण लवकरच तो घालावा लागला. आपल्या हवेत तर दोन्ही बाजूंना ओढणारा ट्रस रॉडच वापरावा. आणि नेकचं लाकूड वर्कशॉपमध्ये आणल्यावर निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा तसंच ठेवावं, मगच त्याला करवत लावावी.

लाकडाबद्दल आता बोलायला हरकत नाही. फिंगरबोर्डासाठी जगभर वापरलं जाणारं शिसव आपल्या सह्याद्रीत वाढतं. ब्राझीलच्या रोझवुडची टंचाई झाली आणि 1992 साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर जवळपास पूर्ण बंदी आली. पण त्याआधीच भारतीय शिसवाने त्याची जागा घेतलेली होती. परदेशी दुकानात टांगलेल्या गिटारच्या फिंगरबोर्डावरून बोट फिरवताना आपण कित्येकदा पश्चिम घाटातल्या झाडाला हात लावत असतो. 2017 च्या जानेवारीपासून या कुळातल्या सगळ्या झाडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाने लागू झाले. 2019 च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, पण कच्च्या लाकडाला नाही. घाटातलं जंगल ज्या वेगाने उतरतं आहे ते पाहता हे नियम मला योग्य वाटतात. माझं वाचकांना आग्रहाचं सांगणं आहे की कागदपत्रं असलेल्या वखारीतूनच शिसव घ्यावं, नाहीतर जुन्या वाड्यांतून निघालेलं वापरावं. पुण्याच्या टिंबर मार्केटमध्ये चिकाटीने हिंडलं तर जुन्या तुळया, चौकटी, पलंगाचे खूर यांतून फिंगरबोर्डापुरती फळी निघते, आणि ती कित्येक दशकं वाळलेली असते.

अंगासाठी तून मला फार आवडतं. सतारीला पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं हे लाकूड हलकं आहे, त्याला रंधा चांगला लागतो आणि पॉलिश केल्यावर त्याची लाली खुलते. 45 मिलिमीटर जाडीचं अंग गळ्यात अडकवून तीन तास उभं राहायचं असतं, तेव्हा वजन हा मोठा गुण ठरतो. सागवान मात्र जपून. ते तेलकट असल्याने चिकटवण्याआधी सांधा थिनरने पुसून घ्यावा लागतो, आणि त्यातली वाळू पटाशीची धार खाते. अमेरिकेत अ‍ॅशची झाडं एका हिरव्या भुंग्याने पोखरली. 2002 साली मिशिगनमध्ये तो भुंगा पहिल्यांदा लक्षात आला, आणि 2020 मध्ये फेंडरला आपल्या नेहमीच्या गिटारांतून अ‍ॅश कमी करावं लागलं. तेव्हा परदेशी नावांच्या मागे धावण्यापेक्षा आपल्या वखारीत काय आहे ते पाहावं.

पिकअप बाहेरून विकत आणावा की स्वतः गुंडाळावा? पहिल्या गिटारला विकत आणावा, पण दुसऱ्यापासून गुंडाळायला शिकावं. शिलाई मशीनची मोटर, फेऱ्या मोजणारा काउंटर आणि हाताचा अंदाज एवढ्यावर काम सुरू होतं. तार 0.063 मिलिमीटर जाडीची, डोळ्याला जेमतेम दिसणारी, आणि फेऱ्या साडेसात-आठ हजारांच्या घरात. ताण जास्त झाला तर तार तुटते, कमी पडला तर वेटोळी सैल बसतात आणि पिकअप शिट्टी मारायला लागतो. फेंडरच्या कारखान्यात 1956 पासून अ‍ॅबिगेल इबारा या बाई हेच काम करत होत्या, आणि त्यांच्या हातचे पिकअप वादक आजही शोधत असतात. एकाच गुंडाळीच्या पिकअपला घरातल्या विजेची गुणगुण ऐकू येते. आपल्याकडे ती 50 हर्ट्झची. 1955 साली गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी दोन गुंडाळ्या उलट दिशेने जोडून, चुंबकाची बाजूही उलटी ठेवून ही गुणगुण मारली. तारेचा आवाज मात्र दोन्हींत मिळून वाढतो. त्याचं रेखाटन आणि जोडणी सहाव्या प्रकरणात पायरीपायरीने दिली आहे. त्यासाठी लागणारे पोटेन्शिओमीटर आणि कपॅसिटर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत सहज मिळतात.

साधनं कमी आहेत म्हणून कुणी मागे राहू नये. लंडनमध्ये 1963 साली ब्रायन मे या शाळकरी मुलाने वडिलांबरोबर घरी गिटार करायला घेतली. नेक निघाली शंभराहून जास्त वर्षं जुन्या शेकोटीच्या महोगनी चौकटीतून. तिला वाळवीसारख्या किड्याने पाडलेली भोकं आगकाडीच्या तुकड्यांनी बुजवली. तार थरथरवणाऱ्या यंत्रणेला मोटारसायकलच्या इंजिनातल्या स्प्रिंगा, दांड्याच्या टोकाला आईची विणकामाची सुई, फिंगरबोर्डावरच्या खुणांना तिच्याच शिवणपेटीतली शिंपल्याची बटणं. पिकअपही त्याने आधी स्वतः केले, नंतर विकतचे लावले. ‘क्वीन’ बँडमध्ये तो पुढे हीच गिटार वाजवत राहिला, आणि 2002 साली राणीच्या सुवर्णमहोत्सवात बकिंगहॅम राजवाड्याच्या छतावर उभा राहून त्याने हीच वाजवली. या गिटारमध्ये शिकण्यासारखी मोठी गोष्ट म्हणजे तिची यंत्रणा. सुरीच्या धारेवर तोललेली घोडी, घर्षण कमीत कमी, तार सोडल्यावर परत सुरात यावी म्हणून केलेला विचार. टाकाऊ वस्तू वापरल्या, पण विचारात कुठेही काटकसर केली नाही.

कारखान्यांबद्दल मला आदर आहे. संगणकावर चालणारी यंत्रं फ्रेटच्या खाचा आमच्यापेक्षा अचूक पाडतात आणि नवशिक्याला कमी पैशांत चांगली गिटार मिळते ती त्यांच्यामुळेच. किमतीत त्यांच्याशी स्पर्धा करायला जाऊ नये. पण कारखान्याला हजार हातांना चालेल असं माप धरावं लागतं. एखाद्याचं बोट अपघातात आखूड झालं असेल, कुणाला पाठीचं दुखणं असेल, एखादी मुलगी लहान हातांमुळे 648 च्या लांबीवर चाचपडत असेल आणि 628 वर मोकळी वाजवू शकत असेल, तर त्यांच्यासाठी कुणीतरी बसून माप घ्यायला हवं.

म्हणून पहिल्या गिटारची सुरुवात अशी करा. ज्याच्यासाठी ती करायची आहे, तो सध्या जी वाजवतो ती गिटार आठवडाभर मागून घ्या. नटजवळची रुंदी, पहिल्या आणि बाराव्या फ्रेटजवळची जाडी, तारांची उंची, एकूण वजन, सगळं मोजून वहीत लिहा. कोणत्या फ्रेटांवर जास्त झीज झाली आहे ते पाहा. तो कुठे वाजवतो ते त्यावरून कळतं. मग त्याला समोर बसवून अर्धा तास वाजवायला सांगा आणि अंगठा कुठे ठेवतो ते बघत राहा. वखारीत त्यानंतर जा. स्क्रूंनी जोडायची नेक, दोन पिकअप, साधी पक्की घोडी, एवढंच पहिल्या खेपेला पुरे. दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी मापांचा कोरा तक्ता दिला आहे, त्याच्या प्रती काढून ठेवा.